हनुवटीची जागा

गिटार नवीकोरी करून आणायची हे घोषणाबाईंनी ठरवलं, तेव्हा त्यांनी मिस्त्रींना विचारलंच नव्हतं असं कुणी म्हणू नये. विचारलं होतं. भाजी निवडताना विचारलं, जेवायला वाढताना विचारलं, एकदा तर बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून विचारलं. मिस्त्री दर वेळी "बरं" म्हणाले. आता मिस्त्रींच्या "बरं"चा तसा काही भरवसा नव्हता. गेली काही वर्षं ते सगळ्यालाच "बरं" म्हणत. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ रात्री वारले असं बाईंनी सांगितलं, तेव्हाही ते "बरं" म्हणाले होते आणि वर गोडसं हसले होते.

घोषणाबाई हे नाव नोकरीनं दिलेलं. शहरातल्या मोठ्या बसस्थानकावर लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारण्यात बाईंची उभी हयात गेली. आवाज असा खणखणीत, की बाकावर गाढ झोपलेला माणूससुद्धा दचकून उठायचा आणि भलत्याच गाडीत चढायचा. मिस्त्री त्याच स्थानकामागच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं दुरुस्त करत. दोघांची पहिली भेट झाली ती भांडणानं. इंजिनाच्या पोटात नेमकं कुठे खडखडतंय हे शोधायला मिस्त्री लोक एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतात, त्याचं टोक इंजिनाला टेकवतात, मूठ जबड्याच्या हाडाला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. तरुणपणीचे मिस्त्री असेच समाधी लावून बसले होते, तेवढ्यात फलाट क्रमांक चारची घोषणा त्यांच्या डोक्यावर कोसळली. ते तसेच काळ्या हातांनी घोषणेच्या खोलीत शिरले आणि म्हणाले, "बाई, जरा हळू बोला. इंजिन ऐकू येत नाही." बाईंनी माइक बंद न करताच त्यांची हजेरी घेतली. ती सगळ्या स्थानकानं ऐकली. पुढे दोघांचं लग्न झालं तेव्हा ड्रायव्हर मंडळी म्हणायची, मिस्त्री तक्रार करायला गेला आणि जन्मठेप घेऊन आला.

गिटार आली ती लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. एका निवृत्त ड्रायव्हरकडून घेतलेली, म्हणजे आली तेव्हाच ती चांगली वाजून वाजून मऊ झालेली होती. मिस्त्री कुणाकडे शिकायला वगैरे गेले नाहीत. इंजिन शिकले तशीच गिटार शिकले, उघडून बघत आणि बिघडवत. पण वाजवायला लागले, आणि गोड वाजवायला लागले. मग घरात एक पद्धतच पडून गेली. संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात चिरायला बसायच्या, मिस्त्री दाराशी स्टुलावर गिटार घेऊन बसायचे, बाई मधूनच गुणगुणायच्या आणि दोन चालींच्या मध्ये दिवसभराचं सगळं बोलणं व्हायचं. कोण कुणाला काय म्हणालं, कुठल्या गाडीनं मध्येच मान टाकली, लेकीच्या शाळेत काय झालं. लेक लहान होती तेव्हा तिला दात येताना तीही गिटारीजवळ रांगत जाऊन काठ चावायची. तिच्या दातांच्या खुणा अजून होत्या.

हल्ली मात्र त्या संध्याकाळींची पार रया गेली होती. मिस्त्री बसायचे रोज, त्यात खंड नाही. पण चाली गेल्या. बारीक तारांना ते हातच लावत नसत. नुसतं जाड तारांवर ढुम् ढुम् ढुम्, आणि दर ढुम्बरोबर गिटारीच्या पोटातून खर्रर्र. स्वतः गिटारीवर ओणवे होऊन बसलेले, मान खाली, डोळे मिटलेले. बाईंनी काही सांगायला घेतलं तर उत्तर नाही, आणि आलंच तर "बरं". लेक फोनवर म्हणायची, "बाबा बोलतच नाहीत गं माझ्याशी. फोन घेतात आणि लगेच तुझ्याकडे देतात." बाई म्हणायच्या, "त्यांना कुणाशीच बोलायचं नसतं," आणि विषय बदलायच्या.

मनातली गोष्ट त्यांनी लेकीलाही सांगितली नव्हती. नवऱ्याला आपला कंटाळा आलाय, असं त्यांना वाटू लागलं होतं. भांडण असतं तर बाईंनी ते निस्तरलं असतं, भांडणात त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पण कंटाळ्यापुढे काय करणार? त्यांनी आपला एक हिशेब मांडला होता. गिटार बिघडली म्हणून चाली गेल्या, चाली गेल्या म्हणून बोलणं गेलं. तेव्हा गिटार अगदी नवी करून आणली, की बाकीचंही आपोआप जागेवर येईल. लेक म्हणाली, नवीच घेऊन देते. बाईंनी ते उडवून लावलं. नव्या गिटारीला या घरातलं काय माहीत?

गिटार दुरुस्त करणारीचं दुकान लॉन्ड्रीच्या आणि किल्ल्या बनवणाऱ्याच्या मध्ये दडपलेलं होतं. आत सरस आणि पॉलिश यांचा वास, आणि छताला माना टांगून ठेवलेल्या दहा-बारा गिटारी. गिटारवाली तिशीतली, केसांत पेन्सिल खोचलेली, बोटांवर वाळलेल्या सरसाचे पापुद्रे. तिनं मिस्त्रींची गिटार टेबलावर टॉवेल पसरून त्यावर ठेवली, तारा सैल केल्या, मधल्या गोल भोकातून एक छोटा दिवा आत सोडला आणि दांड्याला लावलेला आरसा फिरवून फिरवून बराच वेळ पाहिलं. बाईंना दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं झालं.

"आतली एक आधारपट्टी सुटलीये काकू," ती म्हणाली. "ती थरथरते, तीच तुमची खरखर. आणि तारा जिच्यावर ताणतात ती ही घोडी, ती उचकटलीये. मानेवरचे हे धातूचे पडदे झिजलेत. एवढं तर करावंच लागेल, नाहीतर पुढची फळी खचेल. ही झाली दुरुस्ती. त्यापुढचं सगळं तुमच्या हौसेचं."

"हौसेचं म्हणजे?"

"म्हणजे सगळी घासायची, ओरखडे भरायचे, नवं पॉलिश चढवायचं. काकांना ओळखूसुद्धा येणार नाही."

"तेच करायचं," बाई म्हणाल्या. "अगदी दुकानातून आणल्यासारखी दिसली पाहिजे."

गिटारवाली लगेच हो म्हणाली नाही. तिनं गिटार हळूच फिरवली. पाठीवर शर्टाच्या बटणांनी पाडलेल्या रेघा होत्या, बुडाशी चहाच्या कपाचं गोल वळं होतं, भोकाखाली करंगळी टेकून टेकून पॉलिश उडालेलं होतं. "हे चावलंय कुणी?" तिनं विचारलं. बाईंनी लेकीचं सांगितलं, तशी ती हसली. मग तिचा अंगठा एका जागी थांबला. मानेजवळचा जो लहान फुगवटा असतो, त्याच्या वरच्या काठावर रंग तर गेलाच होता, पण लाकूडही गुळगुळीत होऊन किंचित खोलगट झालं होतं.

"हे मला कळत नाही," ती म्हणाली. "हात टेकतो तो इकडे, मोठ्या फुगवट्यावर. इथे हात पोचायचं कारणच नाही. इथे काका काय टेकवतात?"

"डोकं टेकवत असतील. पेंगतात हल्ली गिटार घेऊन."

"पेंगून लाकूड इतकं झिजत नाही काकू." तिनं आणखी एकदा अंगठा फिरवला. "मी आधी सरसाचं काम करून घेते. घासायला शुक्रवारी काढीन. तोवर काही वेगळं वाटलं तर सांगा. कारण एकदा घासलं की घासलं."

बाईंना काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं. त्या मोठ्या झोकात घरी आल्या.

गिटार दुरुस्तीला दिलीये हे मिस्त्रींना त्यांनी रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं. मिस्त्री "बरं" म्हणाले, पण हे "बरं" जरा पडेल होतं. त्या संध्याकाळी ते सवयीनं स्टुलावर येऊन बसले आणि हात कुठे ठेवावे हे त्यांना समजेना. बाईंना वाटलं, चला, आता तरी बोलतील. त्यांनी शेजारणीच्या सुनेची साग्रसंगीत हकीकत सुरू केली. मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे बघत होते. हकीकत ऐन रंगात आली असताना ते उठले आणि आपलं पाणी पिऊन आले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उरलेली हकीकत त्यांनी गिळून टाकली.

गुरुवारी दुपारी धुण्याचं मशीन विचित्र घरघरायला लागलं. बाई बाहेरून आल्या तेव्हा मिस्त्री स्वयंपाकघरात मशीनपाशी गुडघ्यांवर बसले होते. हातात तो जुना लांब स्क्रूड्रायव्हर. टोक मशीनच्या पत्र्याला, मूठ जबड्याला, डोळे मिटलेले. मशीनचा एक फेरा संपला आणि ते थांबलं. घर अगदी शांत झालं. पुढचा फेरा सुरू व्हायची वाट बघत मिस्त्री तसेच बसून राहिले.

"अहो," बाई दारातून म्हणाल्या.

मिस्त्री हलले नाहीत.

"अहो, ऐकलंत का?"

नाहीच. बाईंचं डोकं तापलंच होतं कालपासून. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि फलाट क्रमांक चारचा आवाज काढला. "अहो, मी माहेरी चालले! कायमची! कपाटातली चांगली भांडी घेऊन चालले!"

शेजारच्या घरात कुणीतरी खिडकी उघडली. मिस्त्रींची पापणीसुद्धा लवली नाही. तेवढ्यात मशीन पुन्हा फिरू लागलं, आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ जबड्याला लावलेल्या त्या चेहऱ्यावर हसू उमललं. ओळखीचं माणूस भेटावं तसं. हा चेहरा बाईंनी रोज संध्याकाळी पाहिला होता. गिटारीवर ओणवा, डोळे मिटलेला, हनुवटी त्या काठावर टेकवलेला.

बाई खुर्ची ओढून बसल्या. मग एकेक आठवायला लागलं. चहाच्या किटलीची शिट्टी वाजायची आणि मिस्त्री वाफेकडे बघत बसायचे. बाई त्याला आळस म्हणायच्या. पाहुणे यायच्या वेळेला मिस्त्री दाराला पाठ टेकवून उभे राहायचे, कुणी ठोठावलं की दार अंगाला कळावं म्हणून. बाई त्याला उतावीळपणा म्हणायच्या. फोन लगेच देऊन टाकायचे, त्याला माणूसघाणेपणा. नवरे बायकोचं ऐकत नसतात हे इतकं जगजाहीर, की यांना ऐकूच येत नसेल हे बाईंच्या कधी डोक्यातच आलं नाही. बारीक तारांना हात लावत नाहीत, कारण त्या त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. जाड तारेचा हादरा तेवढा लाकडातून हाडात जातो. आणि आपण तो काठ उद्या घासून टाकायला निघालो होतो.

बाईंना आधी स्वतःचा राग आला. त्यापाठोपाठ मिस्त्रींचाही आला, असं मूग गिळून बसायची काय गरज होती? आणि मग त्या दोन्ही रागांच्या खालून असा काही आनंद वर आला, की त्यांना रडूच फुटलं. कंटाळा नव्हता. कंटाळा नव्हताच कधी. त्या घाईनं बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून मनसोक्त रडल्या. नळ कशाला सोडला हे त्यांनाच कळलं नाही, ऐकणार कोण होतं?

बाहेर आल्या तेव्हा मिस्त्रींनी वर पाहिलं. "बेअरिंग जातंय," ते खुशीत म्हणाले. "अजून महिनाभर ओढेल."

"बरं," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी लॉन्ड्रीचं शटर वर जाण्याआधीच बाई त्या गल्लीत हजर. गिटारवालीनं दुकान उघडूनच ठेवलेलं होतं, आणि आतून घासण्याचा खसखस आवाज येत होता. बाई चपलांसकट आत घुसल्या.

"थांब! थांब गं बाई!"

गिटारवालीच्या हातातून घासायचा कागद पडला. गिटार टेबलावर पालथी होती. पाठीवर बुडाशी बोटभर जागा घासून पांढुरकी झाली होती, तेवढीच. बाईंनी गिटार उलटून घ्यायला लावली आणि तो काठ चाचपला. गुळगुळीत, खोलगट, होता तसा. बाईंचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी बसून पाणी पिऊन सगळं सांगितलं, स्क्रूड्रायव्हरपासून.

गिटारवाली ऐकता ऐकता स्वतःच गिटार उचलून, तिथे हनुवटी टेकवून, तार छेडून बघायला लागली. "अगंबाई," ती म्हणाली. "थेट दातांत येतं."

"पट्टी चिकटवलीस? त्यांना मग कमी ऐकू नाही ना येणार?" बाईंना नवीच धास्ती पडली. "ती खरखर तरी पोचत असेल त्यांच्यापर्यंत."

"खरंच सांगते, मला माहीत नाही. पट्टी घट्ट बसली की सगळी फळी एकजीव हलते, तेव्हा वाढायला हवं. पण कुणाच्या जबड्याचं मी काय सांगू? तुम्ही काकांनाच घेऊन या. घासायचं की नाही तेही त्यांनाच विचारू."

"घासायचं नाही," बाई म्हणाल्या, आणि मग थांबून म्हणाल्या, "बरं. त्यांना विचारू."

संध्याकाळी त्या मिस्त्रींना दंडाला धरून घेऊन आल्या. गिटारवालीनं नव्या तारा चढवून ठेवल्या होत्या. मिस्त्री स्टुलावर बसले, गिटार मांडीवर घेतली आणि आधी तिच्या अंगावरून हात फिरवून सगळ्यांची हजेरी घेतली. बटणांच्या रेघा, चहाचं वळं, लेकीचे दात. पाठीवरच्या पांढुरक्या डागापाशी बोट थांबलं, तशी बाईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून कबुली दिली. मिस्त्रींनी मान डोलावली. मग त्यांनी हनुवटी आपल्या जागेवर टेकवली आणि जाड तार ओढली.

खरखर आली नाही. मिस्त्रींनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. दुसरी तार. तिसरी. हात जरा कचरत खाली खाली येत राहिला आणि सगळ्यात बारीक तारेवर थांबला. तिच्या वाट्याला कितीतरी दिवस कुणी गेलं नव्हतं. त्यांनी ती छेडली. मग परत छेडली.

"ही वाजतीये," मिस्त्री म्हणाले. कुणाला सांगत होते कोण जाणे. आणि त्यांची बोटं अडखळत, चुकत, मागे येऊन पुन्हा सुरुवात करत एका चालीवर गेली. बाई मेथीची जुडी घेऊन बसायच्या तेव्हाची चाल.

गिटारवाली उगाचच कपाटात काहीतरी शोधायला लागली.

बाईंनी एक स्टूल ओढलं, मिस्त्रींच्या समोर बसल्या आणि वाकून तोंड गिटारीच्या गोल भोकापाशी नेलं. उभा जन्म माइकपुढे गेला, पण आता काय बोलावं ते त्यांना सुचेना. शेवटी तोंडाला जी सवय होती तेच बाहेर पडलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

मिस्त्रींचा हात तारांवरच थांबला. हनुवटी तशीच लाकडावर, पण डोळे टक्क उघडले.

"अगं," ते म्हणाले. "बोललीस!"

"मी रोजच बोलते," बाई भोकात म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू येत नाही. मला आपलं वाटत राहिलं, तुम्हाला माझा कंटाळा आला."

मिस्त्रींनी आपल्या कानाला बोट लावलं. "कान गेलेत ते मला माहीत होतं," ते म्हणाले. "किटली गेली, फोन गेला, दार गेलं. पण तुझा आवाज जाईल कसा? अख्ख्या स्थानकाला ऐकू यायचा तो. तो मला येणार नाही, असं कसं होईल? ओठ हलायचे तुझे, मला वाटायचं, स्वतःशी पुटपुटतेस. मला वाटलं, तूच माझ्याशी बोलायचं सोडलंस."

"आणि म्हणून तुम्ही 'बरं' म्हणत राहिलात."

"म्हटलं, रागावलीयेस कशावरून तरी. 'बरं' म्हटलेलं बरं."

बाईंना हसू आवरेना आणि रडूही आवरेना. पदरानं डोळे पुसताना त्यांचं कपाळ गिटारीला लागलं, तोही आवाज मिस्त्रींना पोचला असावा, कारण तेही हसले. गिटारवालीनं मग कपाटातून डोकं बाहेर काढलं आणि खुणेनं विचारलं, नवी करायची का? बाईंनी तो प्रश्न भोकातून आत पाठवला.

"नवी?" मिस्त्रींनी काठावरची हनुवटी जरा घट्ट दाबली. "आणि मग हिला कुठे ठेवू?"

तेव्हा ते ठरलं. बोटभर घासलेली जागाही तशीच ठेवायची ठरली. त्या गिटारीवर घरातल्या सगळ्यांची काही ना काही खूण होती, बाईंचीच तेवढी राहिली होती.

मिस्त्रींनी पुन्हा चाल धरली. बाईंना मात्र राहवेना. साठलेलं पुष्कळ होतं. शेजारणीची सून होती, वरच्या मजल्यावरचे वारलेले गृहस्थ होते. पण पहिल्यांदा कामाचं. त्या पुन्हा वाकल्या.

"उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरकडे जायचंय."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

बाई आता फसणाऱ्या नव्हत्या. "काय म्हणाले मी?"

"उद्या सकाळी. कानाचा डॉक्टर." मिस्त्रींनी डोळे मिटले आणि बारीक तारेवर बोट ठेवलं. "आणि बाई, जरा हळू बोला. इंजिन ऐकू येत नाही."